हाकेला वळते

३ नोव्हेंबर, सोमवार
लसीकरणाच्या फेरीत टेकडीवरच्या चाळीत सहा घरं केली. गुडघा आज बरा. बूस्टर राहिलेली तीन मुलं, त्यातली दोन दिवाळीला गावी गेलीत ती अजून आली नाहीत. तिसरी दूर्वा, मनालीची. सतरा महिने.
मनाली ओट्याशी होती. मी दूर्वाचं लसीचं कार्ड बघत बसले. कुकरची शिट्टी झाली तशी मी दचकले. दूर्वा माझ्या पायाशी डबे रचत होती, तिने मान वर केली नाही. दुसऱ्या शिट्टीलाही नाही.
ताट घेऊन तिच्या पाठीमागे चमच्याने वाजवलं. डब्यावर डबा चालूच. मनालीने विचारलं नाही की ताट का वाजवताय. वळलीसुद्धा नाही.
कार्डावर नऊ महिन्यांच्या रकान्यात ‘हाकेला वळते’, पुढे बरोबरची खूण. खूण माझी. शेपूट लांब काढायची माझी सवय.
सर्दी आहे म्हणून बूस्टर पुढे ढकलला. तेवढंच बोलून उतरले.

४ नोव्हेंबर
मार्चमधला तो दिवस आठवून बघितला. गोवरच्या लसीचा दिवस. आरोग्य केंद्रात सिस्टर एकटी, बाहेर जिन्यापर्यंत रांग. कार्डं माझ्याकडे. बसतं ना? हसतं ना? हाकेला वळतं ना? बायका माना डोलवत होत्या, मी खुणा करत होते. पुढे पुढे विचारणंही सोडलं, नुसत्या खुणा.
दूर्वाच्या वेळी विचारलं होतं की नाही, आठवत नाही. हाक मारून बघितली नव्हती, हे नक्की. त्या दिवशी कुणालाच मारली नव्हती.
मार्च ते नोव्हेंबर. आठ महिने.

६ नोव्हेंबर
पुन्हा वर. आज घरी मनालीची सासू होती. मालवणकडची, गप्पिष्ट बाई. कानाची तपासणी करून घेऊ म्हटलं तर म्हणाली, “आमचो संदेश तीन वर्सांचो होईपर्यंत बोलाक नाय. चेडवाक काय एक झालेला नाय. तुम्ही उगीच मनात काय घालू नकात.”
मी वाद घातला नाही. तेवढ्यात मनालीने दूर्वाला बोलावलं, म्हणजे लादीवर दोनदा तळहात आपटला. दूर्वा लगेच वळली. सासूच्या ते लक्षातही आलं नाही, रोजचंच असणार.
मनाली पायऱ्यांपर्यंत सोडायला आली.
“कधीपासून हात आपटतेस?”
“बरेच दिवस.”
“तुला माहीत होतं तर.”
“गेल्या वर्षीच्या दिवाळीत दारात माळ लागली, ही झोपलेली. सगळे म्हणाले, किती शांत पोर आहे. गोवरच्या वेळी विचारणार होते तुम्हाला. पण तुम्ही कार्डावर बरोबर केलेलं, ना. म्हटलं ताईंनी बघितलंय, मलाच वेड लागलंय.”
मी काय बोलले? “उद्या चिठ्ठी घेऊन येते” म्हणाले.

७ नोव्हेंबर
सिस्टरला सगळं सांगितलं. ती चिठ्ठी लिहिता लिहिता म्हणाली, “त्या दिवशी किती पोरं होती ते मला माहितीये. सोड, वैशाली. आणि हे तिला सांगत बसू नकोस. तू दारात गेलीस की पुढची दहा घरं दारं लावतील.” मोठ्या हॉस्पिटलची चिठ्ठी दिली.
तिचं चूक आहे असंही नाही.

१० नोव्हेंबर
मनालीने नवऱ्याला सांगितलं. संदेश स्टुडिओत सेटचं सुतारकाम करतो. रविवारी फळी आणली, पोरीच्या मागे बसला आणि हातोडा मारत राहिला. आधी हळू, मग जोरात. शेजारचे बघायला आले. शेवटी सासूच म्हणाली, “पुरे रे.”
हॉस्पिटलला जायला आता तिचा विरोध नाही.

१८ नोव्हेंबर
कानाची बेरा टेस्ट. डोक्याला वायरी लावून करतात, मूल गाढ झोपलेलं लागतं. म्हणून पहाटेपासून जागं ठेवून आणा असं सांगितलेलं. मनालीने पाच वाजता उठवली. साडेआठपर्यंत ठीक. रिक्षात बसलो आणि डोळे मिटायला लागले. मी गालाला ओला रुमाल लावतेय, मनाली टाळ्या वाजवतेय. मग तिच्या आणि माझ्या एकदमच लक्षात आलं. टाळ्या थांबल्या.
जोगेश्वरी येईपर्यंत झोपली. नंबर लागला तेव्हा टक्क जागी, झोपेचं औषध दिलं ते ओकली. पुढची तारीख.
येताना मनाली हसत होती. मीही हसले.

२० ते २८ नोव्हें.
पोलिओच्या याद्या. गुडघा. लिहिण्यासारखं काही नाही.
एवढंच की मार्चमधल्या त्या दिवसाची यादी काढली. आता घरी गेले की मागून हाक मारून बघते, चमचा वाजवते. आत्तापर्यंत अकरा. सगळी वळली. एकीने विचारलं, “ताई, नवीन खेळ काय?”

१ डिसेंबर
आज झाली टेस्ट. संदेश खाडा करून आला. दोन्ही कानांनी ऐकू येत नाही. डॉक्टर तरुण होती, सरळ बोलली: कानाचं मशीन लावू, तीन महिने बघू, फरक नाही पडला तर ऑपरेशनचा विचार. वर्षाच्या आत आली असती तर बरं होतं, म्हणाली. अजूनही उशीर फार झालेला नाही, असंही म्हणाली. दोन्ही वाक्यं एकाच सुरात.
संदेशने विचारलं, “मॅडम, मी दिवसभर मशीनच्या आवाजात असतो. माझ्यामुळे झालं का?” नाही म्हणाली.
संदेश मला म्हणाला, “तुमच्या लक्षात आलं म्हणून, ताई. नाहीतर आम्ही बसलोच असतो.”
हे ऐकून घेतलं मी.

२२ डिसेंबर
मशीन बसवलं. दूर्वाने ओढून काढलं. परत बसवलं, परत काढलं. घरी आल्यावर सासूने पदराचा काठ फाडून डोक्याला पट्टी बांधली, मशीन पट्टीच्या आत. तासभर राहिलं. “आता काय करूचा गे बाय?” सासू विचारत होती. सारखं बोलत राहायचं, म्हटलं, तोंड दिसेल असं. तर लगेच दूर्वासमोर बसून गावची माणसं सांगायला लागली, एकेक नाव घेऊन.
मनाली बघत होती. दूर्वाकडे नाही, माझ्याकडे.

८ जानेवारी, गुरुवार
सांगितलं.
सासू बाजारात, दूर्वा झोपलेली. मनाली कपड्यांच्या घड्या घालत होती. मी म्हटलं, मार्चमध्ये मी तपासलं नव्हतं. नुसती खूण केली होती.
तिने हातातली घडी पूर्ण केली. मग पुढची घेतली.
“कशी केलीत मग?”
“रांग होती. सगळ्यांच्याच केल्या.”
“मी तुम्हाला विचारायला आले होते ना तेव्हा. तोंडाशी आलेलं माझ्या.”
“हो.”
आणखी तीन घड्या. मी बसून राहिले. सासूच्या चपला वाजल्या तशी मनाली म्हणाली, “जा तुम्ही आता.”
उतरताना हलकं वगैरे काही वाटलं नाही. सांगितल्यावर वाटतं म्हणतात.

१९ जानेवारी
दार उघडलं सासूने. मनाली आत होती, बाहेर आली नाही. मशीन दिवसात चार-पाच तास राहतं असं कळलं. सासूचं वागणं नेहमीसारखं, चहाही केला. म्हणजे मनालीने घरात सांगितलेलं नाही.
सिस्टरने आज विचारलं, “तुझं तोंड असं का?” गुडघा म्हटलं.

४ फेब्रुवारी, बुधवार
लसीचा दिवस. गर्दी बेताची. एक वाजता शेवटचं मूल गेलं, मी पेटी आवरत होते, तर मनाली दारात. दूर्वा कडेवर, डोक्याला पट्टी. राहिलेला बूस्टर द्यायला आणली होती.
तिने कार्ड माझ्यासमोर टेबलावर उघडून ठेवलं.
“यातलं खरं कुठलं?”
मी बघितलं. वजनं खरी, ती मी स्वतः केली होती. लशी खऱ्या. बसते, हे डोळ्यांनी बघितलेलं. बाकीच्या खुणांचं आठवत नाही म्हटलं.
“मग बसा आणि परत करा.”
जमिनीवर सतरंजी टाकली. आधीचे रकाने, आताचे रकाने, सगळं पहिल्यापासून. ठोकळे दिले, रचले. चेंडू टाकला, आणला. नाक कुठे, केस कुठे, हे मनालीने स्वतःच्या तोंडावर बोट ठेवून दाखवलं, दूर्वाने आपल्या तोंडावर दाखवलं. प्रत्येक गोष्ट झाली की मनाली कार्डावर बोट ठेवायची, मग मी खूण करायची. सिस्टर दारातून दोनदा डोकावून गेली. पाऊण तास गेला.
“संदेशला सांगितलंस?” मी विचारलं.
“नाही.”
“सांगणार आहेस?”
“माहीत नाही. सांगितलं तर तुम्हाला घरात येऊ देणार नाहीत. आणि तुम्ही यायला पाहिजे.”
शेवटी हाकेची ओळ उरली. मार्चमधली खूण मी खोडली. पेन नव्या रकान्यावर नेलं, तर तिने माझं मनगट धरलं.
“ही राहू दे. मार्च संपला की डॉक्टरकडे जायचंच आहे.”
“रिकामी?”
“रिकामी.”
मग सिस्टरने बूस्टर दिला. दूर्वा खूप रडली. मनालीने तिला खांद्यावर घेतलं आणि पट्टी वर सरकवून मशीन नीट बसवलं. जाताना विचारलं, सोमवारी किती वाजता येणार?
अकराला, म्हटलं.