अप्पांची चाल

मंडी मोहल्ला, म्हैसूर
ता. ९ जून १९९४

चि. नागोजीस कुसुमअक्काचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

इकडे सर्व क्षेम, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. माझ्या भावजयीने, वरलक्ष्मीने पाठवलेलं लोणचं अप्पा रोज मागून घेतात, हे तिला सांग.

आता मुद्द्याचं. तू टीव्हीच्या मालिकेत पुट्टस्वामी झालास, घराघरात पोचलास, तेव्हा मी आमच्या शाळेत सगळ्यांना म्हैसूरपाक वाटला. पण नागू, ती चाल! कोपरं बाहेर, हात अंगापासून लांब, बोटं खाली आणि दार ढकलायचं ते खांद्याने. ती कुणाची हे मला कुणी सांगायला हवं का? जन्मभर रंगाच्या हौदात हात घालून अप्पांना ती सवय लागली. ओला रंग धोतराला लागू नये म्हणून. कापड रंगवायचा धंदा कधीच बुडाला, हात कोरडे झाले, चाल तेवढी राहिली. आम्हाला ती कधी दिसलीसुद्धा नव्हती. आता अप्पा देवळाला निघाले की गल्लीतली पोरं मागून तसंच चालतात आणि पुट्टस्वामी, पुट्टस्वामी म्हणून ओरडतात.

यावर अप्पांनी काय केलं ठाऊक आहे? बाहेर जाताना दोन्ही हातांत दोन पिशव्या धरतात. देवळात पिशव्या कशाला विचारलं तर म्हणाले, भाजी दिसली तर असाव्यात. एकीत मी हात घालून बघितला. आत कापडावर छापायचे आपले जुने लाकडी ठसे. वजनाने हात खाली राहावेत म्हणून रे! मला तिथल्या तिथे रडू आलं आणि तुझा असा राग आला की काय सांगू.

ती चाल सोड. तोतरा हो, बहिरा हो, काय वाटेल ते हो. लोभ आहेच, पण राग उतरल्यावर.

तुझी अक्का
कुसुमावती


बंगळूर
ता. १७ जून १९९४

ती. कुसुमअक्कास नागोजीचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

पत्र पोचलं. त्या दिवशी जेवण गेलं नाही. पण अक्का, मी हे मुद्दाम केलं असं तुला वाटतं?

इतकी वर्षं सिनेमात मी काय करतोय? थोबाडीत खातोय. हिरोचा हात उठला की मी शेणात पडायचं आणि लोक हसले की शाबासकी हिरोला. पोस्टरवर माझं नाव शोधायला भिंग लागतं. या मालिकेच्या निवडीला गेलो तेव्हा दिग्दर्शक पेपर वाचत बसला होता. मी तीन नकला केल्या, गड्याने मान वर केली नाही. तेवढ्यात माझ्या हातांवर चहा सांडला. पुसायला काही नाही. वैतागून तसाच निघालो आणि दार खांद्याने ढकललं. मागून तो खो खो हसला. मी अप्पांसारखा चालतो, हे मलाच तेव्हा कळलं.

सोड म्हणणं सोपं आहे गं. संवाद विसरलो तर चालवून घेतात, चाल विसरलो तर परत पहिल्यापासून. नुसता उभा राहिलो तर माझ्याकडे कुत्रं बघत नाही. आणि लोक हसतात ते पुट्टस्वामीला, अप्पांना नाही. गल्लीतली पोरं वाह्यात निघाली तर मी काय करू? शाळामास्तरीण तू आहेस, दोघाचौघांचे कान पीळ.

अप्पा गुरुवारी मालिका बघतात का? मला आजवर एका शब्दाने बोलले नाहीत. त्यांना नमस्कार सांग. तू रागावलीस तरी तुझ्याशिवाय मला कोण आहे?

तुझा
नागू


मंडी मोहल्ला, म्हैसूर
ता. २ जुलै १९९४

चि. नागोजीस आशीर्वाद.

पोरांचे कान पिळले. भुजंगरावांचे कोण पिळणार? अप्पांचे लहानपणचे दोस्त ते. परवा त्यांच्या नातवाचं बारसं होतं, पिरियापट्टणचे पाहुणे आलेले. सगळ्यांदेखत त्यांनी अप्पांच्या हातातल्या पिशव्या काढून घेतल्या आणि म्हणाले, तुकोजी, जरा चालून दाखव, पाहुण्यांना बघू दे पुट्टस्वामीचा बाप. लोकांनी टाळ्या सुरू केल्या. अप्पा जागचे हलले नाहीत. मग पिशव्या परत मागून घेतल्या आणि न जेवता घरी आले.

तेव्हापासून उंबऱ्याबाहेर पाऊल नाही. देऊळ बंद, बाजार बंद. हात मांडीखाली दाबून खिडकीशी बसतात. मी तुझ्या नावाने ओरडले की म्हणतात, सुम्म, गप बैस, त्याचं पोट आहे त्याच्यावर.

मालिका ते बघत नाहीत, ऐकतात. शेजारी गिरिजाबाईंकडे टीव्ही लागला की भिंतीला पाठ टेकून बसतात. तिकडे लोक हसले की हे डोळे मिटतात. मला काही समजत नाही, तुला समजलं तर कळव.

तुझी
अक्का


बंगळूर
ता. १० ऑगस्ट १९९४

ती. अक्कास शि. सा. नमस्कार.

झालं तुझ्या मनासारखं. चित्रीकरणात मी हात खाली सोडले. दिग्दर्शकाने आधी विचारलं, ताप आहे का? मग समजावलं, मग ओरडला. मी म्हटलं, यापुढे पुट्टस्वामी असाच चालेल. कॅमेरावालासुद्धा हसला नाही. आठवड्यात मला काढलं. माझा शर्ट, माझा चष्मा दुसऱ्याला चढवला आणि चालसुद्धा त्यालाच शिकवली. उद्याच्या गुरुवारी दिसेल.

म्हणजे चाल राहिली आणि मी गेलो. अप्पांच्या मागे पोरं ओरडायची ती ओरडणारच. काय मिळवलं आपण, सांग! दिवसभर घरात फेऱ्या मारतो, वरलक्ष्मीवर विनाकारण खेकसतो. परत शेणात पडायची कामं मागायला जायचं, या वयात.

अप्पांना यातलं काही सांगू नकोस. माया पातळ करू नकोस, एवढंच मागणं.

नागू


मंडी मोहल्ला, म्हैसूर
ता. १३ ऑगस्ट १९९४

चि. नागोजीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आज पोचलं, पण त्याआधीच परवा सगळं झालं. अप्पा नेहमीसारखे भिंतीशी बसले होते. तिकडे मालिका लागली. पुट्टस्वामी बोलला मात्र, अप्पा ताडकन उठले. म्हणाले, हा आवाज नागूचा नाही. आणि चप्पल नाही, पिशव्या नाहीत, तसेच निघाले. कोपरं बाहेर, हात लांब. गिरिजाबाईंचं दार खांद्याने ढकललं. आतली पोरं एकदम हसायला लागली. अप्पांनी ढुंकूनही बघितलं नाही, टीव्हीपुढे जाऊन उभे राहिले.

तो नवा माणूस बोटं वर करून चालत होता. अय्यो, काय चिडले! सगळ्यांना ऐकवलं, याने उभ्या जन्मात रंगात हात घातलेला नाही, असे धरले तर रंग कोपरापर्यंत ओघळेल. मग त्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत स्वतः चालून दाखवलं. एक पोर हसलं नाही.

घरी आल्यापासून माझ्यावर संतापले आहेत. मी नागूला काय लिहिलं होतं, ते खोदखोदून विचारतात. खालच्या ओळी त्यांच्या हातच्या.

तुझी अक्का

चि. नागोजीस आशीर्वाद. पुट्टस्वामी दुसऱ्याला दिलास तो कुणाला विचारून? ती चाल माझी. माझ्यामागे तुझी. तिसऱ्याची नाही. लोक मला हसले ते मला आवडलं नाही, आजही आवडत नाही. पण तुला हसायचे तेव्हा मागच्या गुरुवारपेक्षा जास्त हसले का, ते मी भिंतीला कान लावून ऐकत असे. या गुरुवारी कुणी हसलं नाही. साकु, पुरे तुझं रुसणं. जा आणि काम मागून घे. नाही दिलं तर इकडे ये, देवळापर्यंत दोघं मिळून चालू. ज्याला हसायचं तो हसेल. ठसे मी फळीवर परत ठेवले आहेत. येताना हातांत सामान आणू नकोस.

तुकोजीराव