तेवीस इंच

सोमवार, ६ जानेवारी

आज माझ्यावर झालेल्या अन्यायाची नोंद कुठेतरी राहिली पाहिजे. पतपेढीच्या खिडकीशी एक पेन बांधलेलं आहे. दोरीने. दोरी खिडकीच्या उजव्या खिळ्याला, लांबी जेमतेम वीतभर. अर्ज ठेवायची फळी डाव्या अंगाला. आणि मी डावरी! सही करायची म्हणजे मी अख्ख्या खिडकीला मिठी मारायची, मान वाकडी करायची आणि मागच्या रांगेने विचारायचं, "बाई, झालं का?" एवढे शोध लागले, पण दोरी हातभर लांब करावी हे कुणाला सुचलं नाही. माझ्याकडे स्वतःचं पेन होतं. काळं. अर्ज निळ्या शाईतच लागतो.

जुन्या गाडीसाठी कर्ज काढतेय. अर्ज तीन प्रतींत, पगाराची पावती तीन प्रतींत, माझे फोटो तीन — तिन्हींत मी सारखीच वाईट. पतपेढीच्या सेक्रेटरींना ऑफिसात सगळे 'तिप्पट' म्हणतात. नाव मीच ठेवलंय. कर्मचारी मासिकाचं शेवटचं पान मी लिहिते. मागच्याच अंकात त्यांच्यावर दीड कॉलम झाला — 'यांना सकाळी जागसुद्धा तीनदा येते.' अख्खं ऑफिस आठवडाभर हसत होतं. तेव्हा मला गाडी घ्यायची नव्हती.

तिप्पटांनी अर्ज शब्दन्‌शब्द वाचला.
"वाहन कशासाठी?"
"आईसाठी."
"आई चालवतात?"
चेहरा कोरा. विनोद होता की चौकशी, शेवटपर्यंत कळलं नाही.

मंगळवार, ७ जानेवारी

दोन जामीनदार हवेत. आज दुपारी माझ्या हातात तो कागद दिसला आणि कँटीन रिकामं झालं. एरवी मला चहा पाजल्याशिवाय न सोडणाऱ्यांना अचानक फायली आठवल्या. मी कुणाला दोष देत नाही. मी स्वतः सव्वीस वर्षांत एकालाही जामीन राहिलेली नाही. तत्त्व म्हणून. तत्त्व म्हटलं की कंजूषपणा भारदस्त दिसतो.

शेवटी मीटर तपासनिसांनी सही केली. त्यांची बदली रद्द करण्याचा अर्ज मीच लिहून दिला होता. दुसरी सही टायपिस्टबाईंची. त्यांनी आधी वचन घेतलं, "माझ्यावर कध्धी लिहायचं नाही." दिलं वचन. त्यांच्यावर अर्धं पान तयार होतं, तेही गेलं! गाडी आताच महाग पडायला लागलीय.

शनिवार, ११ जानेवारी

आईचं लिहून ठेवते. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. चाळीस वर्षं शिवणकाम केलं, त्यावर आम्हा दोघा भावंडांना शिकवलं. आता गुडघे गेलेत. सव्वा वर्षापूर्वी टॅक्सीत बसली आणि उतरता येईना. सीट खोल होती. टॅक्सीवाला एका हाताला, किराणावाला दुसऱ्या हाताला, मी मागून. आजूबाजूला माणसं जमली. घरी आल्यावर आई एवढंच म्हणाली, "पोतं झालं माझं." त्यानंतर चौदा महिने उंबरा ओलांडलेला नाही.

आणि मावशी दोन तासांवर. आईपेक्षा चार वर्षांनी मोठी. रोज चार वाजता दोघींचा फोन. हल्ली मावशी विचारते, "कोण बोलतंय?" आई रोज सांगते. पूर्वी एकदा सांगून भागायचं. काल तीनदा सांगावं लागलं.

तर घाई याची आहे.

रविवार, १२ जानेवारी

जुन्या गाड्यांच्या बाजारात. आई येणार नाही म्हणाली, मग म्हणाली येते. शेजाऱ्यांची उंच जीप मागून आणली, चालवायला त्यांचाच मुलगा, पायाखाली स्टूल, दहा मिनिटं लागली — पण आली! पर्समध्ये मापाची टेप.

दलाल तोंडात साखर ठेवून बोलणारा. "आजी, इंजिन बघा, लोण्यासारखं."
"इंजिनावर बसायचंय का मला?" आईने टेप काढली. जमिनीपासून सीटपर्यंत मापलं. "अठरा. नको." पुढची. "वीस. नको." दलाल बिचारा बॉनेट उघडत होता, आई दारं उघडत होती. तिच्या खुर्चीची उंची तेवीस इंच. तेवढीच हवी. अर्धा इंच कमी चालेल का विचारलं, तर म्हणे, "अर्ध्या इंचात बाही बिघडते."

सोळावी गाडी निळी. तेवीस. आई बसली, उतरली, पुन्हा बसली. कुणी हात दिला नाही. उतरल्यावर पदर सारखा केला आणि मला म्हणाली, "पैसे दे त्याला." जणू भाजी घेतली.

विसार दिला. धाकट्याला फोन केला. "ताई, जुनी कशाला? नवी घे ना!" म्हटलं, घेऊ की, तू निम्मे घाल. लगेच त्याच्याकडची रेंज गेली. त्याच्या शहरात रेंज फार हुशार आहे.

गुरुवार, १६ जानेवारी

तिप्पटांनी अर्ज परत पाठवला. तिसऱ्या प्रतीवर तारीख नाही.

शनिवार, १८ जानेवारी

पतपेढीचा नियम — जुनं वाहन सेक्रेटरी स्वतः पाहतील. तिप्पट आले. खिशात छोटी बॅटरी, गुडघ्याखाली टाकायला वर्तमानपत्र. दलालाने त्यांना आईच्या तेवीस इंचांची गोष्ट रंगवून सांगितली. इंजिनाकडे त्यांनी ढुंकून पाहिलं नाही. आधी मागच्या सीटवर बसले. उतरले. पुन्हा बसले. आधी एक पाय बाहेर, मग दोन्ही. असं तीनदा (अर्थात!). दलाल माझ्याकडे बघून डोळे मिचकावत होता. मी मनातल्या मनात पुढच्या अंकाचं वाक्य जुळवत होते.

मग त्यांनी सीटचा पट्टा ओढला. ओढला म्हणजे पार शेवटपर्यंत. बॅटरी मारली. मॅट उचलली, बोट फिरवलं, वास घेतला. रुमालाला बोट पुसलं. मला म्हणाले, "ही नाही."
"का?"
"लेखी कळवतो."
आणि चालत बसस्टॉपकडे गेले.

लेखी! आई घरी दाराशी बसून राहिलेली. काय सांगू तिला? म्हणजे दीड कॉलमचा सूड हा असा. वाटलंच होतं मला. माणूस विसरत नाही. शांतपणे, नियमात बसवून परतफेड करतो. टायपिस्टबाईंना फोन करून तासभर तिप्पटांचा उद्धार केला. त्या म्हणाल्या, "तुम्ही तरी काय कमी लिहिलं होतं?" फोन ठेवून दिला.

सोमवार, २० जानेवारी

टेबलावर पत्र. तीन प्रती.

'१. मागील पट्टा पूर्ण ओढला असता टोकाकडे मातकट रेषा. २. मॅटखाली बारीक गाळ. ३. सीटच्या खालच्या पट्ट्यांना गंज, वरून ताजा रंग. निष्कर्ष : वाहन छातीभर पाण्यात राहिलेले आहे. वर्षभरात वायरिंग जाईल. रस्त्यात बंद पडेल. वृद्ध व्यक्ती आत असता असे होणे बरे नव्हे.'

शेवटचं वाक्य नियमात नाही. दोनदा वाचलं.

जेवणाच्या सुट्टीत जाऊन स्वतः पट्टा ओढला. रेषा होती. सव्वीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात तक्रारी वाचतेय, आणि पाण्यात बुडालेली गाडी मला ओळखता आली नाही! दलाल म्हणाला, "आजींनी पसंत केलीय ना?" त्या पत्राची एक प्रत त्याच्यासमोर ठेवली. विसार मुकाट्याने परत आला. तीन प्रतींचा एक उपयोग कळला.

संध्याकाळी आईला सांगितलं. ती म्हणाली, "मी फक्त माप बघितलं. कापड बघायचं राहिलं." चार वाजता तिने फोनवर ओळख सांगितली होती, तर मावशी म्हणाली, "इथे कुणी शिवत नाही," आणि ठेवून दिला.

बुधवार, २२ जानेवारी

आभार मानायला गेले. म्हणजे तसं ठरवून गेले, खिडकीशी पोचल्यावर तोंडातून निघालं, "आता पुन्हा पहिल्यापासून तिन्ही प्रती का?" तिप्पटांनी मान हलवली. मग खणातून एक चिठ्ठी काढून फळीवर सरकवली. एक पत्ता. निवृत्त शिक्षक, पांढरी गाडी, एकच मालक.
"सीट तेवीस इंच आहे," म्हणाले.
"तुम्हाला कसं माहीत?"
"पुढचे या."
मागे कुणीच नव्हतं.

शनिवार, २५ जानेवारी

गाडी चांगली. शिक्षकांनी ती गाडी नव्हे, परीक्षेची वही ठेवावी तशी ठेवलीय. सर्व्हिसच्या पावत्या तारखेवार. आईने या वेळी मापही घेतलं आणि पट्टाही ओढला. शेवटपर्यंत. शिक्षक हसले. "आणखी एक गृहस्थ असेच यायचे. पट्टी घेऊन. तीन-चार महिने थांबलो त्यांच्यासाठी. मंगळवारी निरोप आला, आता नको, दुसऱ्या कुणाला द्या."
"त्यांचं नशीब," मी म्हटलं.
आई बसली. उतरली. हात कुणाचा नाही.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

पेनाची दोरी डाव्या खिळ्याला! आणि चांगली हातभर लांब. कुणाला सुचलं कोण जाणे. आता उजवे कुरकुरतायत. कुरकुरू देत.

शनिवार, ८ फेब्रुवारी

कमिटीची बैठक. कर्ज मंजूर. छत्तीस हप्ते. म्हणजे तीन वर्षं मी सुट्टीच्या दिवशीही पतपेढीसाठी श्वास घेणार. तिप्पटांनी मंजुरीपत्र दिलं आणि म्हणाले, "गाडी सावकाश चालवा." पेढीच्या तारणाची काळजी असेल.

बुधवार, १२ फेब्रुवारी

गाडी दाराशी. लायसन्स बारा वर्षांपूर्वी काढलं होतं, आजवर ते फक्त ओळख पटवायला वापरलं. महिनाभर ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांनी मला आणि मी त्यांना सहन केलं. आज एकटीने आणली. दुसऱ्या गिअरमध्ये.

रविवार, १६ फेब्रुवारी

मावशीकडे गेलो. आई सगळा रस्ता खिडकीची काच खाली करून बसली होती. चौदा महिन्यांत काय काय बदललं ते मोठ्याने वाचत होती, दुकानांच्या पाट्यांसकट.

मावशी खुर्चीत. सून म्हणाली, "बघा कोण आलंय!" मावशीने पाहिलं, नमस्कार केला. परक्या माणसाला करतात तसा. आईने नाव सांगितलं. मावशी म्हणाली, "बरं बरं. बसा."

मला तिथून उठून जावंसं वाटलं.

आई बसली नाही. पर्समधून टेप काढली आणि मावशीच्या खांद्याला लावली. मावशीने मान सरळ केली. दोन्ही हात किंचित उचलले, जसे आयुष्यभर माप देताना उचलायची. आईने खांदा घेतला, दंड घेतला. दंडाशी आली तेव्हा मावशी म्हणाली, "ढगळ नको करूस. मागच्या वेळी दोन बोटं सैल केलास, चिमणे."

आईला चिमणी म्हणणारं आता जगात एकच माणूस उरलंय.

"नाही करत," आई म्हणाली. माप पुन्हा घेतलं. मग पुन्हा. मावशी हात उचलून उभ्यासारखी बसली होती आणि शिलाई फार घेतेस म्हणून भांडत होती. मी बाहेर जाऊन गाडीच्या काचा पुसल्या. स्वच्छ होत्या.

परतताना आई म्हणाली, "दर रविवारी." मी म्हटलं, पेट्रोल? "शिवून देईन कुणाचं तरी."

सोमवार, १७ फेब्रुवारी

शेवटच्या पानासाठी मजकूर द्यायचा होता. या अंकात कँटीनच्या चहावर लिहिलं. चहा तक्रार करत नाही.

सोमवार, ३ मार्च

पहिला हप्ता भरायला गेले. तिप्पट नव्हते. रोखपालबाई म्हणाल्या, बायकोला घेऊन दवाखान्यात गेलेत; आठवड्यातून एकदा तिला खुर्चीवरून उचलून टॅक्सीत ठेवावं लागतं, फार हाल होतात हो.

फळीवर एक अर्ज होता, कोपरे दुमडलेला. "साहेबांचाच तो. ऑक्टोबरपासून पडलाय. पेढीच्या माणसाला तीन जामीनदार लागतात, मिळाले दोन. सगळ्यांचे अर्ज परत पाठवणाऱ्याला कोण सही देतं? आणि हे कुणाकडे मागायलाही जात नाहीत."

कारण : पत्नीची ने-आण. वाहन क्रमांक पट्टी धरून खोडलेला, शेजारी सही आणि तारीख — २१ जानेवारी. खोडलं होतं व्यवस्थित, पण वाचता येत होतं. मी मान वळवून दाराबाहेर पाहिलं. आमची गाडी उभी होती. क्रमांक तोच.

पेन डाव्या हाताशीच होतं. दोरी फळीपर्यंत आरामात पोचली. तिसऱ्या जामीनदाराच्या रकान्यात सही केली.

तिन्ही प्रतींवर.