बाबूजींचा फोटो खाली घसरतो

३ ऑगस्ट २००३, जालना
बियाणेवाल्या शेठजींची वेबसाइट काल चढवली. माझं पहिलं काम. नेट कॅफेत, शेठजींच्या गादीवर, सगळीकडे झकास दिसली. वर उजव्या कोपऱ्यात त्यांच्या वडिलांचा, बाबूजींचा, हार घातलेला फोटो, शेजारी कपाशीची पाकिटं. दादाला वडीगोद्रीला फोन केला. म्हणाला, बघू. पोळ्यापर्यंत माझा धंदा उभा राहिला नाही तर त्याच्या टायरच्या दुकानावर बसायचं, असं ठरलंय. ठरवलं त्यानेच.

५ ऑग.
वाट लागली. शेठजींच्या जावयाने पुण्यात साइट उघडली. त्याचा ब्राउझर वेगळा. त्यात बाबूजी घसरून पार तळाला, कीटकनाशकाच्या डब्यांखाली. शेठजी ओरडले असते तर बरं झालं असतं. हळू म्हणाले, "बेटा, माझ्या बापाला तू पायात टाकलं." मी ब्राउझर समजावत बसलो. गाढव.

६ ऑग.
सापडलं. चूक पुण्याच्या ब्राउझरची नाहीच. तो वेबसाइटच्या ठरलेल्या नियमाप्रमाणे मोजतो, फोटोभोवतीची मोकळी जागा वेगळी धरतो. मग ओळीत मावत नाही, फोटो खाली. आपला इथला निळ्या 'ई'चा ब्राउझर ती जागा मापातच कोंबतो. जालन्यात सगळ्यांकडे निळाच, मी त्याच्याच मापाने केलं. नियम करणारे कुठे बसतात देव जाणे, शिव्या खायला मी इथे.

८ ऑग.
नियमाने लिहिलं. पुण्यात बाबूजी जागेवर, इथे पाकिटांच्या मधे हे एवढं भगदाड. इथलं बुजवलं, पुण्याचं बिघडलं. रडू आलं. माझ्याच्याने नाही होत.

१३ ऑग.
दादा येऊन गेला. बराच वेळ पडद्याकडे बघत होता. "ट्रकचं टायर हितं बसतं तसंच शहागडला बसतं. तुझं कसलं काम रे, गाव बदललं की बिघडून राह्यलं?"
चिडलो खूप. चहासुद्धा विचारला नाही त्याला.

१९ ऑग.
जमलं एकदाचं. निळ्याला एक खोटं माप, बाकीच्यांना खरं. लिहिताना लाज वाटली. जावयाचा फोन, बाबूजी वर आहेत म्हणे.

२१ ऑग.
शेठजी स्वतः आले. चपला दाराशी काढल्या, पडद्याला हात जोडले. "बराबर. आता बाबूजींसमोर बोल, हे कुठंच, कधीच खाली येणार न्हाई. मंग आपल्या सगळ्या दुकानांचं काम तुझं."
हो म्हटलं की धंदा उभा होता. पण कॅफेवाला कालच सांगत होता, नवे ब्राउझर येतायत. माझं खोटं माप ते कसं वाचतील, मला काय ठाऊक? बाबूजी कोपऱ्यातून बघत होते. उद्या सांगतो म्हणालो. शेठजी चपला घालून गेले.

२२ ऑग.
गादीच्या दारापर्यंत जाऊन परत आलो. दादाचा निरोप आलाय, पोळ्याला येताना सामान घेऊनच ये. अजून काही बांधलेलं नाही.