मल्हारगंज ते खजराना, धुराविना

मल्हारगंज, इंदूर
मार्गशीर्ष शुद्ध षष्ठी, १९९८

श्रीयुत लक्ष्मीकांतराव यांसी,

दिवाकराचा सप्रेम नमस्कार. तुमची पद्मजाताई आणि मी सुखरूप आहोत. तिचे गुडघे आणि माझा स्वभाव वगळता तक्रारीला जागा नाही. तुमच्या प्रकृतीआधी नव्या मारुतीची चौकशी करावी असं पद्मजाने बजावलं आहे. तेव्हा गाडी कशी आहे? तुम्हीही बरे असालच.

पत्रास कारण तुम्हीच आहात. दिवाळीत आमच्या बोळाच्या तोंडाशी गाडी उभी करून तुम्ही अर्धा तास सांगितलंत की हौशीच्या प्रवासाने, विमानांनी, टुरिस्ट बसगाड्यांनी हवेत धूर साठतो आहे, पृथ्वी तापते आहे, आणि आता फिरायचं तर धूर न करता फिरायला शिकलं पाहिजे. (तेवढा वेळ इंजिन चालूच होतं, आतली थंड हवा जाऊ नये म्हणून. पण वक्त्याच्या वागण्यावरून वचनाची परीक्षा करू नये, एवढं पाठशाळेत आम्हाला शिकवलं आहे.) मी ऐकून सोडून दिलं. ओट्यावर बसलेल्या जयसिंगरावांनी सोडलं नाही.

जयसिंगराव आमच्या कापडाच्या मिलच्या बॉयलरवर होते. मी टाइम ऑफिसात हजेऱ्या लिहायचो आणि ते धूर काढायचे. दोघांत त्यांचं काम साऱ्या शहराला दिसायचं. काय दिवस होते! भोंगा झाला की घराघरांत चहा चढायचा, घड्याळं जुळवली जायची, आणि वारा आमच्या बाजूला फिरला की आई वाळत घातलेली धोतरं ओढून काढत मिलच्या मालकाच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. पण एखाद्या दिवशी धूर दिसला नाही, की तीच दहा वेळा गच्चीवर जाऊन बघायची. मिल बंद पडली त्याला सहा वर्षं झाली. आता धोतरं शुभ्र वाळतात आणि आई नाही. मी मुलांना संस्कृतची शब्दरूपं घोकायला लावतो. जयसिंगराव मात्र ओट्यावर बसून रिकाम्या चिमणीकडे बघत राहिले. भानुमतीवहिनी, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, मला म्हणायच्या, "भाऊजी, ह्यांना कुठंतरी लावा हो, नाहीतर हे बसल्याबसल्याच सरतील."

तर तुमचं व्याख्यान ऐकून हा माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी सातला माझ्या दारात, मिलच्या खाकी कपड्यांत. "दिवाकरजी, सव्वीस साल धुवां मीच काढला, अब कम बी मीच करीन!" त्यांनी योजना सांगितली: बाहेरगावच्या पाहुण्यांना गाडीविना इंदूर दाखवायचं. पहिली सहल मल्हारगंज ते खजराना गणपती, पायी. जाहिरात मी केली, चार श्लोकांत. कोणी आलं नाही. मग जयसिंगरावांनी खडूने लिहिलं, 'पैदल चला, पोहे मिळतील,' आणि अकरा जण आले. (सगळे गल्लीतलेच. बाहेरगावचा एकही नाही.)

बुधवारी सकाळी शिटी वाजवून ते निघाले, मागे आम्ही. आता आपली इंदुरी माणसं तुम्हाला ठाऊक आहेत. दोन कोस चालायचं म्हणजे मध्ये भूक लागणार, म्हणून पोहे, जिलेबी आणि शेवेचा डबा टेम्पोत. शंकररावांना दम लागेल म्हणून त्यांचा मुलगा स्कूटरवर मागे. प्रमोदिनीबाईंना चप्पल चावेल म्हणून सुनेने दुसरा जोड लूनावरून आणला. नंतर प्रत्येकाच्या घरून कोणीतरी 'बस, देखने आलो' म्हणत आलं, गाडी हळू चालवत, शेजारून गप्पा मारत. परत यायला रिक्षा आधीच सांगून ठेवलेल्या. देवळाच्या पायरीशी जयसिंगरावांनी मोजदाद केली: माणसं अकरा, गाड्या चौदा. ते खाली बसले. गळ्यातली शिटी काढली आणि म्हणाले, "ह्याच्यापेक्षा मिल बरी होती, भिया. एकच चिमणी होती."

कोणी हसलं नाही. (मी हसलो, पाप लागलं असेल.) तेव्हापासून ते पुन्हा ओट्यावर, आणि शिटी खुंटीला. बाकी क्षेम. मुलांना आशीर्वाद.

आपला,
दिवाकर

ता. क. : मी त्यांना सांगून बसलो आहे की पुण्याहून एक पर्यटक मुद्दाम येतो आहे, रेल्वेने, आणि स्टेशनापासून पायी हिंडणार आहे. त्यांनी लगेच खाकी कपडे इस्त्रीला दिले. तो पर्यटक तुम्ही. (ते ओळखतील तुम्हाला, पण व्याख्यान देणाराच गाडी घरी ठेवून आला याचं त्यांना जास्त अप्रूप वाटेल.) पुढच्या रविवारी यावं. भानुमतीवहिनींनी मला हात जोडले आहेत, मी तुम्हाला जोडतो.

ता. क. दुसरं : रिझर्व्हेशन मिळालं नाही तर गुपचूप गाडीने या, इंदूरच्या अलीकडे राऊला कुणाच्या तरी अंगणात ती ठेवा आणि तिथून छोट्या लाइनच्या, म्हणजे मीटरगेजच्या गाडीत बसा. हे पद्मजालाही कळता कामा नये. फलाटावर जयसिंगराव उभे असतील आणि पहिलाच प्रश्न विचारतील, पुण्याहून येताना इंजिन कोळशाचं होतं का. नाही म्हणा. बॉयलरचा माणूस, वाईट वाटेल त्यांना, पण तुम्ही रेल्वेनेच आलात यावर विश्वास बसेल.