दितलीचं दुखणं

मोहाडपाणी, ता. चोपडा
१६ जुलै १९८९

ती. भाऊ यांस,
यशोधराचा सविनय जयभीम. वि. वि.

येऊन पंधरा दिवस झाले आणि पत्र आज लिहिते आहे, म्हणून आधीच कान पकडते. वहिनींची शेंगदाण्याची चटणी चौथ्या दिवशी संपली. मी एकटीने नाही, अर्धी आमच्या स्वयंपाकाच्या सुमनबाईंनी संपवली.

शाळा तुम्हाला वाटत होती तशी झोपडी नाही. पत्र्याच्या तीन खोल्या, पडवी, हापसा आणि मागे मुलांनी केलेले भाजीचे वाफे. एकेचाळीस मुलं राहतात, बहुतेक पावरा आदिवासींची. पहिली दोन वर्षं त्यांच्याच बोलीत शिकवायचं असतं, त्यामुळे सध्या मी बाई कमी आणि विद्यार्थिनीच जास्त. शाळा चालवणारे रुपचंदभाऊ धरणगावचे, पूर्वी कापसाचे व्यापारी. पोट, खेळ आणि पाटी एकत्र सांभाळल्याशिवाय पोर शिकत नाही, असं ते सारखं म्हणतात. दर महिन्याला मुलांना काट्याला टांगलेल्या झोळीत बसवून वजन घेतात.

एक मुलगी मात्र मला दमवते. दितली नाव, नऊ वर्षांची. वाफ्याला पाणी घालायची पाळी आली की हिचे पाय दुखतात, धावायचं म्हटलं की गुडघे. दुसऱ्या दिवशी पाहावं तर चिंचेखाली सागरगोटे खेळत असते. बाजारच्या दिवशी तिची आई दुरकीबाई येते, पण लेकीला जवळ घेत नाही. लांब उभी राहते आणि भाकरीचं गाठोडं दुसऱ्या बाईच्या हातून देते. आईलाही लेकीची नाटकं ठाऊक असावीत, असा माझा अंदाज आहे.

लोभ आहेच, तो चटणीच्या रूपानेही यावा.

आपली,
यशोधरा


वरणगाव
६ ऑगस्ट १९८९

चि. यशोधरा हिस,
जयभीम आणि अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. चटणी पाठवतो, पण आधी चार गोष्टी ऐक. कापसाच्या व्यापाऱ्याला एकदम पावऱ्यांच्या पोरांचा पुळका का यावा? वजन घेतात म्हणतेस, ते आकडे पुढे कुठे जातात? फॅक्टरीत माझ्या शेजारी कय्युम म्हणून फिटर आहे, त्याचं आजोळ तिकडचं. तो सांगत होता की एका गावात असेच चांगले कपडे घातलेले लोक आले, पोरांचे फोटो काढून घेऊन गेले आणि पुन्हा दिसले नाहीत. कय्युम थापा मारतो हे मला माहीत आहे. पण सगळ्याच थापा नसतात. तुझी नोकरी तिथे आहे, म्हणजे उद्या काही निघालं तर गावकरी रुपचंदभाऊंना नाही, तुला विचारतील. कागद दिसला की वाचत जा. विचारायला लाजू नकोस.

त्या दितलीला फार लाडावू नकोस. गणिताच्या दिवशी पोट धरून बसणारी एक मुलगी आमच्याही घरात होती. आई तिला हाताला धरून शाळेत पोचवायची, आणि ती शाळेत पोचली की पोट आपोआप बरं व्हायचं. ती मुलगी आता शिक्षिका झाली आहे म्हणतात.

घरी सर्व ठीक. जपून राहा, डोळे उघडे ठेव, आणि आमच्यावरची माया कमी करू नकोस.

तुझा,
अभिमनभाऊ


मोहाडपाणी
२६ नोव्हेंबर १९८९

ती. भाऊ यांस,
सविनय जयभीम. वि. वि.

तुम्ही म्हणाला होतात तेच झालं. दिवाळीआधी जळगावहून एक डॉक्टरीणबाई आल्या होत्या. त्यांनी प्रत्येक मुलाच्या हातातून थोडं थोडं रक्त काढून लहान बाटल्यांत भरून नेलं. कशासाठी, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मुलांनी सुट्टीत घरी जाऊन सांगितलं, आणि पाड्यापाड्यांवर बातमी पसरली की शाळेत पोरांचं रक्त काढून शहरात विकतात. परवा सकाळी मुलं नाश्त्याला बसलेली असताना तीस-चाळीस माणसं आवारात आली. दुरकीबाई सगळ्यांच्या पुढे होती. तिने मला नीट पाहिलं आणि एकच प्रश्न केला, "रगत कोठे लई जातस तुम्ही?" रक्त कुठे नेता, असं.

भाऊ, मी रुपचंदभाऊंकडे पाहिलं. ते म्हणाले, डॉक्टरांनाच विचारा. ते बोलताना त्यांची नजर खाली होती, आणि शाळेच्या कागदांच्या कपाटाची किल्ली त्यांनी जानव्याला अडकवलेली असते, तिच्यावर त्यांचा हात गेला. तेव्हापासून मला त्या कपाटाचा संशय येतो. त्या दिवशी एकोणीस मुलं गेली.

दितलीही गेली, आणि तिची गोष्ट मला लिहावीशी वाटत नाही तरी लिहिते. त्याच्या आदल्या दिवशी थंडी फार होती. आंघोळीच्या रांगेत ती म्हणाली, पाय दुखतात, पाणी नको. मला वाटलं, झालं हिचं सुरू. मी तिला हापशाखाली उभं केलं आणि दोन बादल्या स्वतः ओतल्या. इतर मुलांना शिस्त कळावी म्हणून मुद्दाम ओतल्या. दुपारी ती भिंतीशी गोळा होऊन पडली आणि रात्रभर कण्हत राहिली. हाताची बोटं सुजली होती. दुसऱ्या दिवशी मामाने तिला खांद्यावर टाकून नेलं. आई तेव्हाही दहा पावलं मागूनच चालत होती. नाटकाने बोटं सुजतात का, भाऊ?

तुम्हाला सुट्टी मिळाली तर त्या डॉक्टरीणबाईंना गाठता येईल का? माझ्यावर रागवा, पण हे करा.

आपली,
यशोधरा


वरणगाव
१७ डिसेंबर १९८९

चि. यशोधरा हिस,
जयभीम.

परवा रजा टाकून जळगावला जाऊन आलो. भांडायच्या तयारीनेच गेलो होतो. बाईंच्या दवाखान्यात तासभर बसावं लागलं, तेव्हा माझा राग आणखी वाढला. पण आत गेल्यावर त्यांनी मला बसवून चहा दिला, काचपट्टीवरचं रक्त यंत्रातून दाखवलं आणि समजावून सांगितलं. रक्तातल्या तांबड्या पेशी गोल असायला हव्यात. काही माणसांत त्या विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नसांमध्ये अडकतात, आणि मग हाडं-सांधे असे दुखतात की मोठा माणूसही लोळेल. या आजाराला सिकलसेल म्हणतात. सातपुड्याच्या बाजूला तो बऱ्याच घरांत आहे. तपासणी त्याचीच होती. रक्त विकलं नाही, दुसरीकडे गेलं नाही.

आता पुढचं शांतपणे वाच. दितलीला तो आजार आहे. थंडीने, तहानेने, फार दमल्याने दुखणं उसळतं. मधल्या दिवसांत पोर अगदी चांगली दिसते, खेळते. ती खोटं बोलत नव्हती.

आणि हे सगळं लिहिलेला अहवाल बाईंनी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात रुपचंदभाऊंच्या हातात दिला होता. पोच मी पाहिली. म्हणजे तू बादल्या ओतल्यास तेव्हा तो कागद त्या कपाटात होता. माझा संशय बरोबर निघाला, पण त्याचा आनंद झाला नाही.

लाडावू नकोस असं मीच तुला लिहिलं होतं. तेवढा वाटा माझा. सोबत बाईंनी दिलेल्या गोळ्या आणि पथ्याचा कागद आहे. भरपूर पाणी, ऊब, ताप आला तर लगेच दवाखाना. तू पाड्यावर जाशील हे मला ठाऊक आहे. एकटी जाऊ नकोस.

तुझा,
अभिमनभाऊ


मोहाडपाणी
११ फेब्रुवारी १९९०

ती. भाऊ यांस,
सविनय जयभीम. वि. वि.

बरेच दिवस पत्र नाही म्हणून वहिनी काळजीत असतील. त्यांना सांगा, यशोधरा धड आहे आणि जेवतेही.

तुमचं पत्र घेऊन मी आधी रुपचंदभाऊंपुढे उभी राहिले. त्यांनी नाकारलं नाही. कपाट उघडून अहवाल हातात दिला. चार मुलांची नावं होती. ते म्हणाले, या पोरांच्या रक्तात दोष आहे हे एकदा पसरलं तर त्यांची लग्नं होणार नाहीत आणि शाळेत पुन्हा कोणी पोर पाठवणार नाही, म्हणून योग्य वेळेची वाट पाहत होतो. माणूस वाईट नाही, भाऊ. पण त्यांची योग्य वेळ येईपर्यंत दितलीने थंड पाणी सोसलं. मी तसं तोंडावर बोलले. त्यांनी ऐकून घेतलं. त्यांच्यावर पूर्वीसारखा विश्वास मात्र आता बसत नाही.

मग सुमनबाईंना सोबत घेऊन पाड्यावर गेले. दितली मामाच्या घरी होती, आईच्या नाही. दुरकीबाई अंगणाच्या कडेला उभी होती. मी आधी बादल्यांचं कबूल केलं आणि तिची माफी मागितली. मग आजाराचं सांगितलं. तेव्हा ती खाली बसली, आणि हळूहळू तिने सगळं सांगितलं. दितलीच्या आधीचा मुलगा असाच हातपाय सुजून गेला होता. गावच्या बडव्याने, म्हणजे तिथल्या भगताने, दाणे टाकून पाहिलं आणि सांगितलं की आईच डाकीण आहे, आपली पोरं खाते. नवऱ्याने मारलं. दितलीचं दुखू लागल्यावर लोक पुन्हा बोलायला लागले. म्हणून तिने लेकीला आमच्याकडे आणून टाकलं, म्हणून ती तिला शिवत नव्हती, भाकरीही आपल्या हाताने देत नव्हती. लोक म्हणतात ते खरं असेल, असं आता तिचं तिलाच वाटू लागलं होतं.

सांगून झाल्यावर तिने विचारलं, "मन्हाच रगतमाईन वनं का हाई?" माझ्याच रक्तातून आलं का हे?

खोटं सांगणं सोपं होतं. मी म्हणाले, अर्धं तुमच्याकडून आणि अर्धं नवऱ्याकडून. दोघांकडून आल्याशिवाय हा आजार होत नाही. तिने मला हे तीनदा म्हणायला लावलं. मग उठली, नवऱ्याला आणि बडव्याला बोलावून आणलं आणि त्यांच्यासमोर पुन्हा सांगायला लावलं. नवरा चिडला, बडवा हसला. शहराचा कागद काहीही सांगेल, असं तो म्हणाला. तेव्हा दुरकीबाईने हात पुढे केला आणि म्हणाली, माझं रक्त घ्या, याचंही घ्या, मग पाहू.

गेल्या महिन्यात डॉक्टरीणबाई आल्या. या वेळी आधी प्रत्येक आईबापाला बसवून सांगितलं, विचारून अंगठा घेतला, मगच सुई लावली. नवऱ्याला यायला चार दिवस लागले. पण तो आला. अहवाल मी पाड्यावर जाऊन दोघांच्याही हातात दिला आणि वाचून दाखवला. दोघांच्याही रक्तात तो आजार अर्धा अर्धा आहे. बडवा अजून मानत नाही, गावातली निम्मी माणसंही मानत नाहीत. पण नवऱ्याने पुन्हा हात उचललेला नाही, आणि एकोणीसपैकी अकरा मुलं परत आली.

दितलीला तिची आई स्वतः पाठीवर घेऊन आली. चार कोस.

आता सकाळी चुलीवर पाणी तापतं. पण दितली माझ्याशी बोलत नव्हती. दुखतं का विचारलं की मान हलवून नाही म्हणायची, ओठ दाबलेले असायचे. सुमनबाईंना सांगायची, मला नाही. तिचंही बरोबर होतं. मी रोज विचारायची आणि ती रोज नाही म्हणायची.

आज दुपारी वर्गात मी फळ्यावर लिहीत असताना मागून पदर ओढला गेला. वळून पाहिलं तर ती होती. म्हणाली, "बाई, आज दुखस."

किती, कुठे, काल का नव्हतं, यातलं मी काहीच विचारलं नाही. खडू खाली ठेवला आणि तिला उचलून घेतलं.

तुमचा लोभ माझ्या चुकांसकट असू द्यावा.

आपली,
यशोधरा