सामाईक खोली

१४ ऑक्टोबर, मंगळवार

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे आम्ही धडधाकट आहोत. आईचा गुडघा कुरकुरतो आणि त्याच्यापेक्षा जास्त ती कुरकुरते. हे सगळं तुला फोनवर कळलेलंच आहे, मी उगाच वेळ काढतोय.

भावोजींच्या डोळ्याचं डॉक्टर काय म्हणाले? आई सांगत होती, उजवा गेलाच. जिन्यावरून पडून असा डोळा जातो का गं? तू तर भाजीवाल्यालाही दहा प्रश्न विचारतेस, मग भावोजींना एकही कसा विचारला नाहीस?

भावोजींच्या आणि माझ्या कंपनीने हातमिळवणी केली तेव्हा सगळ्यात जास्त मीच नाचलो होतो. त्यांची चिप, आमचा प्रोग्रॅम आणि चाचणीसाठी दोघांची एक सामाईक खोली. त्यांच्याकडून भावोजी, आमच्याकडून मी. नियम असा की तयार प्रोग्रॅम तेवढा तिथल्या मशीनवर चढवायचा, मूळ कोड आपल्याच इमारतीत ठेवायचा. पण चूक सापडली की दर वेळी रस्ता ओलांडून कोण पळणार? मी कोडच तिथे नेऊन ठेवला. समोर भावोजी तर होते, घरचं माणूस.

अकराव्या महिन्यात त्यांच्या कंपनीने करार मोडला आणि पंधरा दिवसांत आमचाच प्रोग्रॅम स्वतःच्या नावाने बाजारात आणला. आमचा विभाग बंद झाला. चाळीस माणसं खोकी घेऊन फाटकाबाहेर. माझ्या शेजारच्या टेबलावरची बाई सात महिन्यांची गरोदर होती. ती रडलीही नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली.

मी भर दुपारी सामाईक खोलीत गेलो. भावोजी मशीनच्या तारा काढत होते. "चोर!" म्हणत मी त्यांना कपाटावर आपटलं. "अरे, ऐकून तरी घे," ते म्हणाले. मी तोंडावर बुक्क्या मारल्या, त्यांचा दात माझ्या बोटात रुतला. ते खाली पडले तेव्हा कपाटाची सुटलेली लोखंडी पट्टी माझ्या हातात आली. ताई, ती मी चार वेळा मारली. तिसऱ्या वेळी त्यांनी हात वर करणंही सोडलं होतं. चौथी तरीही मारली. आणि खरं सांगतो, मारताना मला बरं वाटत होतं.

जिना वगैरे काही नव्हता.

परवा करार वाचला, पहिल्यांदाच. सामाईक मशीनवर जे ठेवलं जाईल, त्यावर दोन्ही कंपन्यांचा सारखा हक्क. खाली आमच्या मोठ्या साहेबांची सही. कुणी काही चोरलंच नव्हतं, मीच माझ्या हाताने नेऊन दिलं होतं. आणि भावोजींनी पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, "कोड इथे ठेवू नकोस रे, आमची माणसं तुला ठाऊक नाहीत." मी हसून म्हणालो होतो, "तुम्ही आहात ना!"

तरी त्यांनी तुला जिना सांगितला. मला वाचवायला की तुझं माहेर वाचवायला, ते त्यांनाच विचार.

हे पत्र पेटीत टाकून मी पोलीस चौकीत जातोय. भावोजी म्हणतील, माझी तक्रार नाही. त्यांचं ऐकू नकोस. आईला तूच सांग, माझी हिंमत होत नाही. मला भेटायला येऊ नकोस. रस्त्याने जाताना मात्र त्यांच्या उजव्या बाजूने चालत जा.

तुझ्या नवऱ्याचा डोळा फोडणारा,
तुझा धाकटा भाऊ