खलनायकाची जागा रिकामी आहे

नेकनूर,
यात्रेच्या आधीचा सोमवार

आदरणीय दाजी यांच्या चरणी मेहुणा बद्रीनाथचा नमस्कार पोचावा.

तुमचा गुडघा आता कसा आहे? ताईनं दिलेलं निर्गुडीचं तेल लावता, की बाटली नुसती खिडकीत ठेवून बघत बसता? अंबाजोगाईला थंडी फार असेल तर गुडघ्याला मफलर बांधा, डोक्याचं डोकं बघून घेईल. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत, फक्त एकमेकांशी बोलत नाही. त्याचं कारण म्हणजे मी लेखक झालो. (हसू नका. ताईलाही हसू देऊ नका.)

झालं असं की गेल्या महिन्यात मी युरियाच्या गाडीची चौकशी करायला केजला गेलो. गाडी आली नव्हती, पण शेजारच्या वाचनालयात कथालेखनाचं शिबिर होतं आणि तिथे चहा होता. प्रियदर्शनी नावाच्या मॅडम फळ्यावर लिहीत होत्या: पात्रं, स्थळकाळ, कथानक, संघर्ष, निवेदक, उत्कर्षबिंदू. दाजी, काय सांगू तुम्हाला, माझे डोळेच उघडले. जन्मापासून मी ज्यांना नुसती भावकी समजत होतो ती सगळी पात्रं निघाली! येताना जीपमध्ये पुढच्या सीटवरून दोघे जण भांडायला लागले, तर मी खूश होऊन 'वा, संघर्ष, वा' म्हणालो. त्यांनी भांडण सोडलं आणि दोघांनी मिळून मला खाली उतरवलं. (उरलेला रस्ता चालत आलो, पण वाटेत कथानक सुचलं.)

कथा अशी. शेजारी शेजारी दोन शेतं. एक मालक साधा, दुसरा दर नांगरटीला हळूच बांध कोरून वावर वाढवणारा. यात्रा कमिटीनं मला रविवारी कुस्त्यांच्या आधी स्टेजवर अर्धा तास दिला. दाजी, मला फार मोठं काही नको. सरपंचकी सोडली, तर आपल्या घराण्यात माईकवर बोललेले एकच, आमचे आजोबा, तेही हरवलेल्या शेळीसाठी. 'खतवाला बद्रीनाथ' ऐकून कान किटले आहेत. एकदा, फक्त एकदा, त्या भोंग्यातून 'लेखक बद्रीनाथ' असं ऐकायचं आहे. रात्री झोपताना मी ते मनातल्या मनात म्हणून बघतो आणि अंगावर काटा येतो.

म्हणून आधी घरच्यांना ऐकवावी अशी बुद्धी झाली. दुकानात खताच्या पोत्यांवर सगळी भावकी बसवली आणि कथा वाचली. मधे कुणी खोकलंसुद्धा नाही. संपल्यावर मला वाटलं, आता टाळ्या. तर आमचे थोरले चुलते अर्जुनराव (तुम्ही ओळखता, दोनदा सरपंच, तिसऱ्यांदा नाराज) शांतपणे म्हणाले, "समदं लई ब्येस हाय. आमचं नाव कुठं हाय?"

मी समजावलं की पात्रं काल्पनिक असतात. त्यावर ते म्हणाले, "काल्पनिकच घ्यायचं व्हतं, तर आमालाच कावून न्हाई घेतलं?"

आता याला मॅडमच्या फळ्यावर उत्तर नव्हतं. चूक माझीच. आपल्याकडे नावं असलेला कुठलाही कागद ही लग्नपत्रिका असते, हे मी शिबिराच्या नादात विसरलो. अर्जुनरावांना साध्या शेतकऱ्याच्या जागी घेतलं, तेही 'माननीय' लावून. मग भावकीतला अजिनाथ आला. त्याचं नाव सुरजच्या वर पाहिजे, कारण तो नात्यानं मोठा. सुरज म्हणाला, खाली टाका, पण ठळक टाका. वरच्या आळीचे लोक स्थळकाळावर रुसले, की सगळी घटना खालच्याच शिवारात कशी घडते, आमच्याकडे काय बांध नाहीत? उत्कर्षबिंदू तर प्रत्येकाला आपल्याच दारात हवा होता. पहिल्या पानावर नुसती स्वागतोत्सुक मंडळी उभी आहेत आणि बैल अजून गोठ्यातच आहेत.

निवेदकावरून वेगळंच रामायण झालं. 'अर्जुनरावांना मनातून भीती वाटली' असं एक वाक्य होतं. हे कुणी सांगितलं, म्हणून ते भडकले. मी म्हटलं, निवेदकाला सगळ्यांच्या मनातलं कळत असतं. तर त्यांनी फर्मान काढलं की अशा माणसाला एकदा बैठकीत बोलवा, गावात राहायचं तर हे चालणार नाही.

पण खरं घोडं पेंड खातं ते खलनायकापाशी. बांध कोरणारा व्हायला एकही माईचा लाल तयार नाही. (शिवारातला एकही बांध सरळ नाही ही गोष्ट वेगळी.) 'बंकट' असं साधं नाव ठेवलं, तर आपल्या गल्लीतला बंकट काठी घेऊन आला. शेजारच्या गावाचा दाखवावा, तर तिथे आपल्या मुली दिलेल्या. शेवटी खलनायक काढून टाकला आणि मॅडमना फोनवर कथा वाचून दाखवली. दोन शेतकरी बांधावर भेटतात, चहा पितात, घरी जातात. मॅडमनी ती शेवटपर्यंत ऐकून घेतली. मग म्हणाल्या की संघर्ष नसेल तर ही कथा नाही, हा चहा आहे. दाजी, त्या दिवशी मी जेवलो नाही. आठवड्यावर यात्रा आली आणि माझी कथा थंड होऊन पडली आहे.

तरी रविवारी ताईला घेऊन अवश्य यावं. पहिल्या रांगेत खुर्ची ठेवली आहे, गुडघा पसरता येईल अशी.

आपला आज्ञाधारक,
बद्रीनाथ

ता. क. खलनायक मिळाला. वच्छलाकाकू भाकरी थापता थापता म्हणाल्या, "अंबाजोगाईच्या जावयाला करा की. जावई रुसला तर मनवता येतो. भावकी रुसली तर पिढ्या जातात." आपल्या भावकीत एकमतानं मंजूर झालेली ही पहिली गोष्ट. अर्जुनरावांनी टाळी दिली, बंकटनं काठी ठेवली. बांध आता तुम्ही कोरता. मानपानात कमी पडणार नाही. आधी टोपी, टॉवेल, नारळ, मगच नांगर. कृपा करून नाही म्हणू नका.

ता. क. दुसरा. ताईला फोनवर आधीच विचारलं. मला वाटलं चिडेल, पण ती इतकी खूश झाली की मीच घाबरलो. तिची एकच अट आहे. शेवटी खलनायक बायकोची माफी मागतो असा प्रसंग पाहिजे, आणि तो तुम्ही स्वतः स्टेजवर येऊन माईकवर वाचायचा. माफी कशाची ते लिहू का, असं मी विचारलं. ती म्हणाली, "नको लिहू. त्यांना ठाऊक हाय."

मॅडम म्हणतात, उत्कर्षबिंदू सापडला.